माघी पुनवेचं ऊन

“म्हणजे नक्की ना?” सोनबुवांनी विचारलं.

“नक्की असं नाही म्हणता येणार, बुवा.”

“मग?”

डॉक्टर विश्वनाथ सोहोनींनी मान पुसली. सूर्य अजून वर आला नव्हता आणि हातरुमाल पिळून काढावा इतका भिजला होता. माघी पौर्णिमेला मठाच्या ओसरीवर शाली गुंडाळून बसलेली माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. आज जो तो सदऱ्याची बटणं सोडून सावलीचा कोपरा शोधत होता.

“शक्यता आहे,” ते म्हणाले. “दाट शक्यता.”

मठाच्या गादीवरचे सोनबुवा पादुकांसाठी झेंडूची माळ ओवत होते. ऐंशी कधीच ओलांडलेली, पण सुईत दोरा अजून स्वतःच घालत. त्यांनी एक फूल उचललं, देठ खुडला, ओवलं.

“नीट सांग बघू. मला कळेल असं.”

सोहोनींचा जन्म वेधशाळेत गेला होता. निवृत्त होऊन गावी, आपल्या गुरूंजवळ परत आले, तेव्हापासून गाव त्यांना हवेचे डॉक्टर म्हणत असे.

“काल पारा अडतिसाच्या वर गेला, बुवा. थंडी सरायच्या आत, आणि तेही समुद्रकाठी. माझ्या पाहण्यात तरी आपल्या किनाऱ्यावर असं झालेलं नाही. वारा घाटाकडून येतोय, तापलेला. दुपारी समुद्राचा वारा वेळेवर सुटला तर काहीच होणार नाही. उलट बरं वाटेल. पण नाही सुटला तर...”

“तर?”

“सड्यावर माणसं पडतील.”

सोनबुवांची सुई थांबली.

मठातून समुद्राकडे जायची वाट सड्यावरून होती. जांभ्या दगडाचं उघडं बोडकं पठार, औषधाला झाड नाही. माघी पुनवेला भर दुपारी पालखी त्या वाटेने निघे. मानकरी अनवाणी, आणि आदल्या संध्याकाळपासून निर्जळ. पादुकांना समुद्रस्नान घडलं की पहिला घोट बुवांनी घ्यायचा, मग खांदा देणाऱ्यांनी. त्याआधी कुणाच्या घशाखाली थेंब उतरायचा नाही.

“वेळ बदला ना,” सोहोनी म्हणाले. “संध्याकाळी न्या.”

“संध्याकाळी पाणी पार लांब जातं. पादुका काय चिखलात बुडवू?”

“मग निदान त्यांना पाणी तरी प्यायला सांगा.”

“तू सांग.”

“मी?”

“अभ्यास तुझा. मी आपला माळा करणारा.”

सोहोनी समोरच्या आंब्यावर नजर लावून बसले. मोहोर करपून काळा पडला होता.

“बुवा, माझं नाव मध्ये नको. मागच्या वर्षी मी वादळ येणार म्हणालो होतो. होड्या ओढून वर घेतल्या सगळ्यांनी. ऐन मासळीचे दिवस... आणि आकाश निरभ्र. वादळ गेलं दुसरीकडेच. अजून बाजारात गेलो की कोपरं मारतात एकमेकांना.”

“हं.”

“माझा अंदाज चुकतो, बुवा. आताशा माझा माझ्यावरच भरवसा नाही. दोन रात्री आकडे पुन्हा पुन्हा बघतोय. कधी वाटतं, होणार. कधी वाटतं, म्हातारपणी उगाच घाबरतोय. तुम्ही सांगितलंत तर कुणी कारण विचारणार नाही. आणि समजा चुकलंच...”

“तर माझं चुकलं.”

सोहोनींची मान खाली गेली.

“तसं नाही म्हणायचं मला.”

“म्हणालास तर तसंच.”

सोनबुवा हसले. त्या हसण्यात रागाचा मागमूस नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

तेवढ्यात अंगणातून सदा भुवड आला. पालखीचा पुढचा दांडा त्याच्या घराण्याकडे. साठी उलटली तरी खांदा दुसऱ्याला देत नसे. मागून बाकीचे मानकरी आले, फेटे बांधलेले, नवी धोतरं नेसलेले.

“काय वो डॉक्टर,” सदाने लांबूनच हाळी दिली, “आज काय पाडताय? गारा?”

सगळे खो खो हसले.

“बस की, सदा,” सोनबुवा म्हणाले. “विश्वनाथला तुमच्याशी बोलायचंय.”

आता सगळ्यांच्या नजरा सोहोनींवर. बोलायचं ते सगळं मनात जुळवलेलं होतं.

“आज... जरा उकडतंय,” ते म्हणाले.

“आं?” सदाने डोळे मोठे केले. “बरं झालं सांगितलंत. आमी म्हटलं, आमालाच थंडी वाजत नाय की काय!”

पुन्हा हशा उसळला. मागचा कुणी तर खांबाला धरून हसत होता.

सोनबुवा माळ ओवत राहिले. मदतीला आले नाहीत.

सोहोनींनी सदाकडे पाहिलं. हसता हसता सदाने ओठांवरून जीभ फिरवली होती. ओठ सुकून भेगाळले होते, आणि जीभही कोरडीच होती. अजून तर पालखी उचललीही नव्हती.

“सदा,” सोहोनी म्हणाले. “पाणी प्या. सगळ्यांनी. आज तसंच सडा ओलांडायला गेलात तर तुमच्यातला कुणीतरी परत येणार नाही, अशी मला भीती वाटते. खात्री नाही. वादळाचं चुकलं, हेही चुकेल. हसा हवं तर. पण आधी पाणी प्या.”

हसू विरलं.

“डॉक्टर,” सदा हळूच म्हणाला, “थट्टेची गोष्ट वेगळी. तुमी आमच्या भल्याचं बोलताय, समजतंय आमाला. पन बुवांच्या आधी आमी पानी प्यायचं? माझ्या बापानं कधी केलं नाय. आज्यानं नाय.”

“अरे, पण जीव...”

“जीव त्यांच्या पायाशी.” सदाने गाभाऱ्याकडे हात जोडले. बाकीच्यांनीही जोडले.

सोहोनींना वाटलं, एवढं धाडस करून बोललो, आणि झालं काय?

सोनबुवांनी माळेला गाठ मारली. दोरा दातांनी तोडला. माळ बाजूला ठेवून ते गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि विहिरीकडे गेले.

रहाट कुरकुरला.

परत आले ते भरला तांब्या घेऊन. ओसरीच्या पायरीवर, सगळ्यांच्या समोर उभे राहिले. तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायले. पाणी दाढीवरून ओघळलं, छातीवर सांडलं. अर्धा तांब्या रिता झाला तेव्हा थांबले.

मग त्यांनी तांब्या सदापुढे धरला.

सदाचे हात पुढे येईनात. त्याने बुवांच्या ओल्या दाढीकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, पुन्हा बुवांकडे पाहिलं.

“धर रे,” सोनबुवा म्हणाले. “हात दुखतोय माझा.”

सदाने तांब्या घेतला. कपाळाला लावला. डोळे मिटून प्यायला. मग तांब्या या हातातून त्या हातात फिरत गेला, रिकामा झाला की कुणीतरी विहिरीवरून भरून आणत होतं. पिऊन झालेले एकेक करून पालखी सजवायला निघून गेले.

ओसरीवर गुरुशिष्य दोघेच उरले.

सोहोनींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

“बुवा, हे काय केलंत? गादीवर बसलात तेव्हापासूनचा नेम तुमचा. ज्वर अंगात असतानासुद्धा मोडला नाहीत. आणि आज माझ्या एका अंदाजावर...”

सोनबुवा उपरण्याने दाढी पुसत होते.

“समुद्राचा वारा सुटेलसुद्धा, बुवा. आत्ता, तासाभरात. गार वाटेल सगळ्यांना. मग सगळा गाव विचारेल, बुवांनी नेम कशासाठी मोडला? काय सांगू मी त्यांना?”

सोनबुवांनी माळ उचलली, झटकली आणि गाभाऱ्याकडे वळले.

“सांग,” ते म्हणाले, “म्हाताऱ्याला तहान लागली होती.”