शेवटची मूठ

फार मागे, इतकं मागे की त्या राज्याचं नावही आज कोणाला सांगता येणार नाही, नदीच्या वळणावर रंगाऱ्यांचं एक गाव होतं. गोष्ट लहानांसाठी आहेच. पण घरात मोठी माणसं असतील तर त्यांनाही हाक मारा. खरं तर त्यांच्यासाठीच ती जास्त आहे.

त्या गावात लाल रंग व्हायचा. लाल रंग काय, कुठेही होतो, असं तुम्ही म्हणाल. असा कुठेच होत नव्हता. शेला धुऊन धुऊन विरायचा, पण रंग हलायचा नाही. आसपासच्या दहा गावांतल्या नवऱ्यामुली त्या शेल्याशिवाय बोहल्यावर चढायला तयार नसत. डोंगरातल्या बाया रंगासाठी मंजिष्ठेची मुळं खणून आणायच्या, विणकर शेले विणायचे, व्यापारी ते बैलांवर लादून न्यायचे. चाळीस घरांच्या चुली त्या एका रंगावर पेटत होत्या.

आणि तो रंग एकाच माणसाला येत होता. गावातला थोरला रंगारी.

तिथली रीत अशी होती. कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग तुरटीच्या पाण्यात बुडवायचं, मुळं कुटायची, तांब्याच्या हंड्याखाली जाळ सांभाळायचा, ही सगळी कामं बायकांची. पण रंग पिकायची वेळ आली की बायकांनी भट्टीबाहेर जायचं. आत फक्त बाप आणि मुलगा. मग बाप हंड्यात कसली तरी एक मूठ टाकायचा. ती मूठ कसली आणि ती नेमकी कधी टाकायची, हे बापाकडून मुलाकडे जायचं. मुलगी उद्या परक्या घरी जाणार, विद्याही बरोबर घेऊन जाणार. आणि सून आली तरी तिचे कान माहेरचेच. म्हणून दार बंद.

रंगाऱ्याला एक मुलगी होती आणि तिच्या पाठचा एक मुलगा. मुलीचा हात असा की तुरटी जिभेवर न ठेवता नुसत्या बोटांनी तिला पाण्याचा जोर कळायचा. तिच्या जाळावर हंडा कधी उकळून उतू गेला नाही. रोज शेवटी ती दाराबाहेर उभी राहायची आणि बंद फळीकडे बघत राहायची.

मुलगा, दादू, गरीब स्वभावाचा होता. एकदा आईने त्याला झाडावरच्या लाल मिरच्या तोडायला पाठवलं. तो टोपली भरून आला. निम्म्या हिरव्या. आई हसली, पण बहीण हसली नाही. तिने त्याला बाजूला घेतलं.

तो म्हणाला, "ताई, लाल म्हणजे तुला नक्की काय दिसतं गं?"

तिने आवाज खाली आणला.

"बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, कामचुकारांच्या सबबी आहेत. बघून बघून कळेल. ताई, तूच शीक ना. मला या हंड्यातून सोडव."

त्याच संध्याकाळी ती बापासमोर उभी राहिली. ओटीवर गावातले चार म्हातारेही पान चघळत बसले होते.

"बाबा, दादूला लाल ओळखता येत नाही. शेवटची मूठ मला शिकवा."

म्हाताऱ्यांमध्ये हशा पिकला. एक म्हणाला, "घ्या! कोंबडी म्हणते, मीच आरवते."

"कोंबडा मुका असेल तर काय करायचं, आजोबा?" ती म्हणाली.

हसू थांबलं. रंगारी लाल झाला, त्याच्याच शेल्यासारखा. "सख्ख्या भावाला आंधळा म्हणतेस? जीभ फार चालायला लागली. हिच्यासाठी स्थळ बघा रे."

स्थळ लवकर सापडलं. जीभ चालणाऱ्या मुलींची स्थळं नेहमीच लवकर सापडतात. ती पाच दिवसांच्या वाटेवर, एका भातखाचरांच्या गावात गेली. निघताना तिने बापाचे पाय धरले आणि पुन्हा एकदा विचारलं. तो एवढंच म्हणाला, "दिल्या घरी सुखी राहा."

वर्षं गेली. रंगाऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. आधी कडा धुरकट झाल्या, मग सगळंच धुकं. आता तो हंड्याजवळ बसायचा आणि मुलाला विचारायचा, "फेस विटकरीचा डाळिंबी झाला का रे?"

मुलाला विटकरीही तोच आणि डाळिंबीही तोच. बाहेर त्याची बायको उभी असायची, चांगली धडधाकट डोळ्यांची. पण तिला आत बोलावणं म्हणजे रीत मोडणं. तो अंदाजाने म्हणायचा, "झाला, बाबा."

कधी मूठ लवकर पडली, कधी उशिरा. शेले गंजलेल्या लोखंडासारखे तपकिरी निघू लागले.

व्यापाऱ्याने गाठोडं सोडलं आणि पहिला शेला उन्हात धरला. "काका, हा नवरीने पांघरायचा की घोड्याच्या पाठीवर टाकायचा?"

रंगाऱ्याने मुळांना दोष दिला. मुळं खणणाऱ्या बायांना हाकललं, दुसऱ्या आणल्या. मग पाण्याला दोष दिला. म्हाताऱ्यांनी विहिरीची पूजा घातली. मग कोणाची तरी दृष्ट लागल्याचं ठरलं आणि भट्टीच्या दाराला लिंबू-मिरची टांगली. मोठ्या माणसांना चूक शोधायला फार आवडतं. फक्त ती घराबाहेर कुठेतरी असावी लागते.

तीन पावसाळ्यांत व्यापारी शेजारच्या राज्यात जाऊ लागले. तिथला लाल असा पक्का नव्हता, पण लाल तरी होता. नवऱ्यामुलींनी तोच पांघरला. विणकर एकेक करून माग सोडून, गाडीत सामान घालून निघाले. मुळं खणणाऱ्या बाया दुसऱ्याच्या शेतात मजुरीला लागल्या.

विणकरांचं शेवटचं घर हलायला निघालं त्या दिवशी मुलगा चावडीवर उभा राहिला. सगळ्यांसमोर म्हणाला, "मला लाल दिसत नाही. कधीच दिसला नाही. ताई खरं बोलत होती."

म्हातारे खाली बघू लागले. रंगारी काठी टेकत उठला. मग म्हणाला, "तिला आणा."

ती आली. केसांत पांढऱ्या रेघा होत्या, हातांना चिखलाची कामं करून भेगा पडल्या होत्या. तिने माहेरचं पाणी घेतलं, मग पदर खोचला आणि भट्टी पेटवली. त्या दिवशी रंग पिकायची वेळ झाली तेव्हा तिला कोणी बाहेर काढलं नाही.

"ऐक," रंगारी म्हणाला. "फेसाचा विटकरी जाऊन डाळिंबी आला की लगेच शिंपल्यांच्या चुन्याची एक मूठ. आणि जाळ ओढून घ्यायचा."

ती थांबली. "एवढंच?"

"एवढंच."

"बाबा, एका मुठीसाठी?"

त्याने चुन्याचं मडकं तिच्याकडे सरकवलं. फेस बदलला. तिने मूठ टाकली, लाकडं मागे ओढली. कापड वर काढलं तेव्हा भावाची बायको पुढे येऊन बघतच राहिली. असा लाल हंड्यातून निघताना तिने कधी पाहिला नव्हता.

"कसा उतरला?" रंगाऱ्याने विचारलं. त्याने हात पुढे केला, ओलं कापड चाचपलं, जणू बोटांना रंग कळणार होता.

"तुमच्यासारखाच, बाबा."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. गाव रिकामं झाल्याचं तो त्या क्षणी विसरलाच. "मग उघड दार! विणकरांना सांग, माग लावा म्हणावं. व्यापाऱ्यांना निरोप धाड. बैल किती उभे आहेत बाहेर?"

तिने दार उघडलं. गल्ली झाडलेली नव्हती. समोरच्या घरांना बाहेरून कड्या होत्या. विणकरांच्या ओसरीवर एक कुत्रं झोपलं होतं.

"सांग ना पोरी, किती आहेत?"

तिला बापावर रागवायचं होतं. वाटेवर पाच दिवस तिने शब्द जुळवून ठेवले होते. पण ते धुकट डोळे दाराकडे लागले होते, आणि आता रागवून मिळणार काहीच नव्हतं.

"कोणीच नाही, बाबा," ती म्हणाली आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

रंग परत आला, गाव आलं नाही.

तात्पर्य: मुलीपासून लपवलेली विद्या घरात सुरक्षित राहत नाही, घरातच मरते.