सायत्रानं धरून ठेवलेली कात

राजाची गोष्ट नको आज. राजे फार झाले. आज एका बाईची सांगते. आणि आधीच सांगून ठेवते, ही काही हसायची गोष्ट नाही. हसायचं असेल तर आजोबांकडे जा. नाही जायचं? मग पाय आत घ्या. मुक्ते, ते पांघरूण एकटीच्याच अंगावर ओढू नकोस.

तर एक रान होतं. दाट रान, बरं का. भर दुपारी अंधारून यायचं. त्या रानात ऐनाची झाडं होती, आणि त्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळणारी माणसं होती. अळ्या म्हणजे हिरव्यागार, अंगठ्याएवढ्या जाड. दिव्याभोवती पाखरू फिरतं ना, तसंच त्या अळीचं पुढं पाखरू होतं, पण पार तळहाताएवढं. त्याआधी ती स्वतःभोवती कोसा विणते. त्या कोशाच्या धाग्याचं रेशीम होतं. कुणी गाय पाळतं, कुणी शेळी, तशी ही माणसं अळ्या पाळायची.

त्यांच्यात एक होती सायत्रा, आणि तिचा नवरा डोमा. दोघं उजाडताच झाडांखाली जाऊन बसायची आणि दिवसभर पक्षी हाकायची. चपला लांब काढून ठेवायची. अळ्या झाडावर आहेत तोवर मासळी खायची नाही, केसांना तेल लावायचं नाही, असा नेम होता त्यांचा. आणि सगळ्यांत मोठा नेम कुठला? अळी बसली की तिला हलवायचं नाही.

बसली म्हणजे काय ते सांगते. अळी खात सुटते. मग अंग वाढतं, पण कातडं काही वाढत नाही. तुला गेल्या वर्षीचं झबलं होतं का आता? तसंच ते. मग ती खाणं सोडते. फांदीवर बारीक धाग्यांची गादी घालते, मागचे पाय त्या गादीत अडकवते, डोकं वर करते आणि गप्प बसते. एक दिवस बसते, दोन दिवस बसते. बघणाऱ्याला वाटतं, मेली. मग मानेमागं कातडं फाटतं, आणि अळी पुढं पुढं चालत त्यातून बाहेर येते. पाय गादीत अडकवलेले असतात ना, म्हणून कातडं मागं राहतं. तोंडावरचं जुनं कवच मात्र सगळ्यांत शेवटी गळतं. आता त्या वेळी तिला उचललं तर? गादी तुटते. मग कातडं सुटतच नाही, तिच्याबरोबर ओढलं जातं, आणि ती आतल्या आत वाळून मरते.

सायत्राला हे सगळं पाठ होतं. एकदा तिच्या नणंदेनं बसलेल्या अळीची फांदी नुसती वाकवून बघितली, तर सायत्रा वर्षभर तिच्याशी बोलली नाही. फार कडक बाई. मला अशी माणसं आवडतात, पण त्यांच्या घरात राहायला नको वाटतं.

सायत्राला मूलबाळ नव्हतं. मग एका वर्षी काय झालं, आधी गांधीलमाश्या आल्या आणि अळ्या घेऊन गेल्या. मग मुंगळे आले. मग असा वारा सुटला की उरल्यासुरल्या सगळ्या खाली पडल्या. एकच अळी राहिली.

डोमा म्हणाला, "एकीसाठी काय बसायचं? चल घरी."

सायत्रा म्हणाली, "एकटी आहे म्हणूनच बसते."

मग ती बसली. डोळ्यांत तेल घालून त्या एका अळीला राखलं. अळीनं कोसा विणला, तो नारळाएवढा. धागा काढायचा तर कोसा आधी उकळावा लागतो. सायत्रानं काही तो उकळू दिला नाही. शिंक्यात टांगून ठेवला. आणि एके सकाळी शिंक्यातून रडणं ऐकू आलं.

कोसा उघडून बघते तर आत मुलगी. ओली, चुरगळलेली, मूठ चोखत पडलेली.

सायत्रानं तिला पदरात घेतलं. एवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. ती कुठून आली, कोण होती, ते मला विचारू नका. मला ही गोष्ट ज्यांनी सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. म्हातारी म्हणाली, "पोर तुझी. पण कूळ अळीचं आहे. तीन वेळा बसेल. बसली की हलवायची नाही, हे तुला मी सांगायला नको."

"नाही हलवणार," सायत्रा म्हणाली.

"आणि दर वेळी कातेबरोबर तिचं काहीतरी मागं राहील. ते परत मिळायचं नाही."

सायत्राला एवढा आनंद झाला होता की ते तिनं अर्धंच ऐकलं. तुम्ही नाही का, खाऊ दिसला की अर्धंच ऐकता?

मुलीचं नाव ठेवलं रेवंता. हिरवट डोळ्यांची, खादाड, आणि बडबडी तर अशी की डोमाला जेवताना घास गिळायची फुरसत द्यायची नाही. सायत्रा तिला मांडीवर घेऊन रोज एक गाणं म्हणायची. तिनं स्वतःच रचलेलं. एका अळीला वाऱ्यानं नेलं नाही, मुंगळ्यानं नेलं नाही, असं काहीतरी होतं. त्या गाण्याशिवाय रेवंता झोपायचीच नाही.

रेवंता पाच वर्षांची झाली आणि एक दिवस ताट सरकवून बसली. खाईना, बोलेना. कोपऱ्यात जाऊन मान वर केली. पावलांखाली पांढऱ्या धाग्यांची गादी. अंगाचं कातडं ताणलेलं आणि मळकट. दोन दिवस सायत्रा समोर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मानेमागं कातडं फाटलं, आणि रेवंता त्यातून बाहेर आली. नवी कोरी, ओली, बोटभर उंच झालेली. सायत्राच्या जिवात जीव आला. तिनं तिला पोटभर जेवू घातलं, मांडीवर घेतलं आणि गाणं म्हणायला लागली.

रेवंता म्हणाली, "माय, हे काय म्हणतेस तू?"

गाणं गेलं होतं. सायत्रानं पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. मग म्हणणं सोडून दिलं.

रेवंता नऊ वर्षांची झाली. पुन्हा बसली. पुन्हा मान वर, पुन्हा ती गादी. या वेळी चार दिवस लागले. बाहेर आली तेव्हा डोमा दारात उभा होता, हातात तिच्यासाठी रानातली पिकली टेंभुर्णी घेऊन. रेवंतानं त्याच्याकडे बघितलं, मग सायत्राकडे बघितलं.

"माय, हे काका कोण?"

"अगं, बाप आहे तुझा."

"बरं," रेवंता म्हणाली. शहाण्या मुलीसारखी त्याच्या पाया पडली.

डोमानं टेंभुर्णी खाली ठेवली, अंगणात गेला आणि गोफणीची दोरी वळत बसला. दोरी चांगली होती, तिला काही झालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत वळत होता.

रडू नकोस रे. मी आधीच सांगितलं होतं.

आता कळलं ना, सायत्राला कसली भीती वाटली असेल ते? गाणं गेलं, बाप गेला. आता पोरीजवळ राहिलं कोण? तिसऱ्या वेळी काय जाणार, हे सांगायला म्हातारी यायला नको होती. सायत्रा रेवंताला डोळ्यांआड होऊ देईना. दहा वेळा विचारायची, "मी कोण गं?" रेवंता हसायची. "माय. काय सारखं विचारतेस?" तेवढं ऐकलं की सायत्राला घटकाभर बरं वाटायचं. मग पुन्हा विचारायची.

अशी रेवंता तेरा वर्षांची झाली, आणि बसली.

पहिला दिवस सायत्रा समोर बसली. दुसरा दिवस बसली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी डोमा पाणी आणायला गेला होता. घरात कुणी नव्हतं. सायत्रानं बघितलं, मानेमागचं कातडं पांढरं पडत चाललंय. आता फाटणार. आता ही जाणार. तिला वाटलं, एकदाच मांडीवर घ्यावं. शेवटचं. एकदाच घेतल्यानं काय होणार आहे?

जिनं नणंदेशी वर्षभर अबोला धरला, त्या बाईला असं वाटलं, बरं का. आणि तिनं उचललं.

रेवंताच्या पावलांखाली तट तट तट आवाज झाला. धागे तुटले. सायत्राला तो आवाज ओळखीचा होता. तिनं लगेच रेवंताला परत खाली ठेवलं, पण तुटलेलं कुठं जुळतं?

मानेमागं कातडं फाटलं. रेवंता पुढं सरकायला लागली, तर जुनं कातडं तिच्याबरोबरच सरकलं. आणखी सरकली, तरी तेच. ते काही सुटेना. बिचारी आत गुदमरायला लागली. फांदीवर अशा काळ्या पडलेल्या अळ्या तिनं शेकड्यांनी बघितल्या होत्या. वेळ किती असतो, ते तिला बरोबर माहीत होतं.

डोमा पाणी घेऊन आला. त्यानं पोरीकडे बघितलं, गादीकडे बघितलं.

"हलवलीस?"

"हलवली," सायत्रा म्हणाली. "शेवटचं एकदा मांडीवर घ्यायची म्हणून हलवली."

डोमानं घागर खाली ठेवली. "पाणी लावून सोलून काढू का?"

"सोललं तर आतलं कोवळं फाटतं. तिचं तिलाच यायला हवं. कुणीतरी मागून धरायला पाहिजे. फांदी धरते तसं."

"मी धरतो."

"नको. माझ्या हातून झालं हे."

मग सायत्रा जमिनीवर बसली. दोन्ही टाचा उंबऱ्याला लावल्या, आणि पोरीच्या पायांकडचं जुनं कातडं दोन्ही मुठींत घट्ट धरलं.

"ओढ आता," ती म्हणाली. "पुढं जा."

रेवंतानं ओढलं. जुन्या चेहऱ्यानं मागं वळून बघितलं. तो चेहरा अजून गळला नव्हता, त्याला अजून सगळी ओळख होती.

"माय, दुखतंय. सोड ना."

सायत्रानं सोडलं नाही.

मग रेवंता खांद्यापर्यंत बाहेर आली. पुन्हा तो चेहरा म्हणाला, "माय, मला नाही जायचं. सोड."

आता ऐका. सायत्रानं मुठी उघडल्या असत्या तर पोर तिच्याकडे आली असती. गळ्यात पडली असती. दिवस मावळेपर्यंत माय माय म्हणाली असती. आणि मग मेली असती. सायत्राला ते माहीत होतं, आणि तरीसुद्धा तिचे हात सैल व्हायला बघत होते. तिनं दात आवळले. डोमानं तिच्या पाठीला हात लावला.

रेवंता कमरेपर्यंत आली. तिसऱ्यांदा ती काय म्हणाली, ते नीट ऐकू आलं नाही. ते जुनं तोंड सुटत चाललं होतं. मग तो जुना चेहरा गळून सायत्राच्या पायाशी पडला, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. आणि रेवंता सरळ पुढं चालत बाहेर आली.

सायत्राच्या मुठीत रिकामी कात राहिली. बोटं इतकी आखडली होती की डोमानं एकेक करून ती उघडली.

रेवंता भिंतीला टेकून बसली होती. ओली, लालसर, चांगली उंच झालेली. एक केस वाकडा नाही, एक बोट मोडलेलं नाही. हळूहळू तिचं अंग वाळलं. तिनं घर बघितलं, चूल बघितली. मग सायत्राकडे बघितलं, दाराशी आलेल्या कुठल्याही बाईकडे बघावं तसं. म्हणाली,

"बाई, मला फार भूक लागली आहे. तुमच्याकडे काही आहे का?"

सायत्रा उठली. हात धुतले. ताट घेतलं, भात वाढला, वर अंबाडीची भाजी वाढली. रेवंता भराभरा जेवली आणि ताट पुढं करून म्हणाली, "अजून थोडा." सायत्रानं अजून वाढला.

झाली गोष्ट.

काय म्हणालास? पुढं आठवलं का तिला? नाही, बाळा. कधीच आठवलं नाही. मी उगाच आठवलं म्हणून सांगणार नाही. रेवंता त्याच घरात राहिली. हसायची, भरपूर खायची, ऐनाच्या झाडांखाली गोफण फिरवत पाखरं हाकायची. मोठी झाली, लग्न झालं, सुखात राहिली. सणाला यायची तेव्हा अंगणातून हाक मारायची, "बाई, आहात का घरात?" आणि सायत्रा आतून म्हणायची, "आहे गं. ये." जगली तोवर तिनं त्या हाकेला ओ दिली. पोरगी जिवंत आहे, आणखी काय पाहिजे, असं डोमाला म्हणायची. आणि मग चुलीशी, त्याच्याकडे पाठ करून, बसायची जरा वेळ.

चला, दिवा बारीक करते. मुक्ते, डोळे मीट. आणि हे बघा, उद्या त्या लिंबाच्या झाडावर अळी दिसली, मान वर करून गप्प बसलेली, तर काडी लावून बघू नका.

हो, मी इथंच आहे. झोपा आता.