दगडावरच्या तीन ओळी

सुरंगपूरचा राजा अकाली गेला आणि कारभार सगुणाराणीकडे आला. मांडीवर तान्हा राजपुत्र. तिच्या जिवाला एकच घोर, मोठेपणी ह्याचे हात मोकळे राहतील ना?

राजवाड्यानं रयतेला काय काय द्यायचं, ते दरवाजावरच्या शिळेत कोरायचं ठरलं. एकदा कोरलेलं पुढच्या कुठल्याही राजाला बदलता येत नसे. हे हेरून दिवाण भुजंगपंत भर दरबारात मिशीला पीळ देत म्हणाले, "राणीसरकार, सगळंच कोरू. धान्य मिळेल, माझ्या मेव्हण्याच्या कोठारातून. भाकरी मिळेल, माझ्या भाच्याच्या हातची. रयतेपासून लपवायचं कशाला?"

राणीनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि थोपटत म्हणाली, "खरंच की! मग पहिली ओळ तुमची. दारात बसून गाऱ्हाणी भुजंगपंत ऐकतील."

पंत फुलले. "सरकारांची कृपा!"

"पाथरवटा, घे छिन्नी. पंत, आता रोज दारात बसायचं हं. ताप आला तरी, म्हातारपण आलं तरी."

"अहो, पण पुढच्या महिन्यात मी काशीला निघालोय!"

"आता कसली काशी? दगडात उतरलं की उतरलं!"

पंतांनी धावत जाऊन पाथरवटाचा हात धरला. "थांब रे बाबा! सरकार, दारात गाऱ्हाणी ऐकली जातील, एवढंच कोरा. कोण ऐकणार, ते आपलं घरातल्या घरात बघू!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" राणी हसली. "मग धान्य मिळेल, भाकरी मिळेल, एवढंच कोरा. कोठार कुणाकडे नि भाकरी कुणाच्या हातची, ते आज मी नि उद्या माझा लेक, घरातल्या घरात बघू."

दरबार खो खो हसला. पंत काशीहून परतले, तेव्हा कोठाराची किल्ली मेव्हण्याच्या नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या कमरेला होती आणि त्यासाठी दगडावरचं एक अक्षरही बदलावं लागलं नव्हतं.