पेव उघडण्याची रीत

फार पूर्वी, तुमच्या-आमच्या पणजोबांच्याही पणजोबांच्या काळी, एका राज्यात मोठा दुष्काळ पडला. धान्य होतं, पण ते गावोगावच्या पेवांत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खोल खणलेली कोठी, बरं का मुलांनो. ती उघडण्याचं काम जाणणारी माणसं मात्र मोजकीच उरली होती.

राजाने लेखनिकाला बोलावलं. "पेव कसं उघडायचं ते लिहून काढा. नकला गावोगाव जाऊ द्या. लोक उपाशी आहेत, उशीर नको."

लेखनिकाने हत्तींच्या औषधांवर लिहिलं होतं, किल्ल्यांच्या तटांवर लिहिलं होतं. पेव त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. पण तसं बोलून दाखवेल तर तो लेखनिक कसला! पेवं उघडण्यात ज्याचा जन्म गेला, अशा एका म्हाताऱ्याकडे तो गेला.

म्हाताऱ्याने पेवावरची शिळा सरकवली. मग झाडाखाली बसून सावकाश पान लावलं, खाल्लं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो उठला. जळता दिवा दोरीने आत सोडला, वर घेतला, आणि मगच स्वतः उतरला.

हा एवढा वेळ का बसला? भर दुपारी दिवा कशाला? प्रश्न लेखनिकाच्या ओठांवर आले होते. पण राजाच्या लेखनिकाने असलं पोरकट विचारायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो गप्प राहिला. म्हातारा आळशी असेल, दिवा देवाच्या नावाचा असेल, असं त्याने आपल्याच मनाशी ठरवलं आणि लिहिलं, 'शिळा दूर सारावी. दोर धरून सत्वर उतरावे.' भाषा अशी गोड, की राजाने भर दरबारात त्याला शाल दिली.

आठ दिवसांत बातमी आली. एका गावात एक तरुण शिळा सारताच आत उतरला, तो वर आलाच नाही. त्याला आणायला धाकटा भाऊ उतरला. तोही गेला.

लेखनिक धावतच म्हाताऱ्याकडे पोहोचला. "बाबा, त्या दिवशी तुम्ही बसून का राहिलात?"

"आतली कोंडलेली हवा विषारी असते. ती निघून जायला नको? दिवा विझला, तर माणसानं उतरायचं नसतं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, एवढं तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. आणि तुम्हीही विचारलं नाहीत." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

लेखनिकाने घोडेस्वार पाठवून सगळ्या नकला माघारी बोलावल्या. मग तो एकटाच त्या गावी चालत गेला आणि त्या दोघा भावांच्या आईपुढे त्याने आपली चूक कबूल केली.

तिने सगळं ऐकून घेतलं. "मी नको नको म्हणत होते," ती म्हणाली. "थोरला म्हणाला, आई, राजाच्या लेखनिकानं लिहिलंय. ठाऊक असल्याशिवाय का कुणी लिहील?"

म्हणून सांगून ठेवतो: जे ठाऊक नाही ते विचारायला जो लाजतो, त्याच्या लाजेची किंमत दुसऱ्याला जिवाने मोजावी लागते.