उतारावरची गवताची पोती

एकदा एका डोंगरात चाळीस सायकली होत्या, आणि त्यांतल्या एकीवरही कधी कोणी बसले नव्हते.

ही गोष्ट व्हिएतनाममधली. त्या देशावर पाऊणशेहून अधिक वर्षे फ्रेंचांचे राज्य होते. शेवटच्या मोठ्या लढाईत फ्रेंच फौज दिएन बिएन फू नावाच्या दरीत तळ ठोकून बसली आणि स्वातंत्र्यसैनिकांनी भोवतालच्या डोंगरांतून तिला वेढा घातला. सैनिकांना तांदूळ पोहोचवायचा, तर तिथे धड रस्ते नव्हते. तेव्हा गावोगावची माणसे सायकली घेऊन निघाली. सीट आणि पायडल काढून ठेवायचे, सीटच्या नळीत एक बांबू उभा खोचायचा, हँडलला दुसरा आडवा बांधायचा आणि दोन्ही धरून सायकल शेजारून ढकलत न्यायची. एकेका सायकलीवर दोन-दोनशे किलो तांदूळ चढे. चाकांच्या आत फाटक्या कपड्यांच्या चिंध्या भरलेल्या असत, म्हणजे टायर फाटले तरी गाडी अडायची नाही.

अशाच चाळीस जणांच्या एका तुकडीचे प्रमुख होते एक वृद्ध गुरुजी. जन्मभर त्यांनी गावात मुले शिकवली होती. त्यांची शिष्या थोआ आता बावीस वर्षांची होती. मुक्कामाच्या ठिकाणी ती तुकडीतल्या निरक्षर माणसांना अक्षरे शिकवी आणि वाटेत सगळ्यांत जड सायकल तीच ढकली.

तिच्या मनात एकच गोष्ट होती. तिच्या गावात भातखाचरांमधून एक अरुंद बांध जात असे. कालव्यांवर देखरेख करणारा गोरा साहेब त्या बांधावरून सायकलने येई आणि लांबूनच घंटी वाजवी. घंटी वाजली की समोरच्याने टोपी काढून चिखलात उतरायचे, असा रिवाजच पडला होता. थोआचे वडील माशांची टोपली डोक्यावर घेऊन कितीदा तरी असे उतरले होते. थोआने लहानपणीच ठरवून टाकले होते, एक दिवस याच बांधावरून मी सायकलवर बसून येईन आणि अशी घंटी वाजवीन की सगळे गाव घराबाहेर येईल!

मे महिन्यातल्या त्या सकाळी तुकडी तांदूळ पोहोचवून रिकामी परत येत होती. एका टेकडीवर, ओढ्याच्या काठी, मुक्काम पडला होता. एवढ्यात खालून एक निरोप्या धापा टाकत वर आला.

"पडला!" तो ओरडला. "तळ पडला! काल संध्याकाळी! त्यांचा सेनापती हात वर करून बाहेर आला!"

मग जो कल्लोळ उठला तो काय सांगावा! कोणी रडत होते, कोणी भाताचे पातेले बडवत होते. खोई नावाचा एक थट्टेखोर माणूस होता, शहरात तीनचाकी सायकल-रिक्षा चालवणारा. त्याने निरोप्यालाच खांद्यावर घेतले आणि त्याला घेऊन तो ओढ्यात पडला.

थोआ मात्र धावली ती सामानाकडे. चाळीस सीटा एका गोणीत बांधून ठेवल्या होत्या. तिने आपली सीट शोधून काढली, दोन्ही बांबू काढून फेकून दिले आणि पाना घेऊन बसली.

"ताई, अगं भात तरी खा!" खोई ओला चिंब होऊन आला.

"भात गावात जाऊन खाईन. परवा संध्याकाळपर्यंत सायकलवर बसून जाते की नाही बघ!"

मग सगळ्यांनाच तो नाद लागला. ज्याला त्याला आपली सीट हवी होती. आणि नेमक्या त्याच वेळी गुरुजींनी एक विचित्र गोष्ट केली. ते ना नाचले, ना रडले. त्यांनी तांदळाची रिकामी पोती गोळा केली, त्यांत वाळलेले गवत कोंबले आणि दोन-दोन पोती बगलेत धरून टेकडीच्या उतारावरून खाली नेऊ लागले. उताराच्या पायथ्याशी, जिथे वाट वळत होती, तिथे विमानातून पडलेल्या बॉम्बने एक मोठा खड्डा केला होता. गुरुजी खड्ड्याच्या अलीकडे पोत्यांवर पोती रचत होते.

"आजोबा, युद्ध संपलं म्हणून झोपायची तयारी का?" खोईने वरून विचारले. सगळे हसले.

"गादी मऊ झाली की मलाही बोलवा!" आणखी कोणी ओरडले.

गुरुजींनी घाम पुसला आणि पुढचे पोते आणायला ते वर आले. थोआला त्यांची कीव आली. एवढा मोठा दिवस, आणि या माणसाला पोती सुचताहेत! म्हातारपणी आनंदसुद्धा झेपत नाही की काय?

पायडल बसले. थोआ सीटवर चढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सायकल उताराला लागली.

काय तो वेग! वारा कानात शिरत होता, केस मागे उडत होते. तीन महिने जी सायकल तिने खांद्याच्या जोराने चढणीवर रेटली होती, ती आज तिला उचलून घेऊन चालली होती. तिने घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. ती मोठमोठ्याने हसू लागली. आणि मग तिच्या ध्यानात आले, की ही थांबवायची कशी ते आपल्याला माहीत नाही. हँडल डावीकडे वळवावे तर ते उजवीकडे ओढत होते. ब्रेक तर कधीच झिजून गेले होते. समोर खड्डा आला.

"गुरुजी!"

धप्प! सायकल पहिल्या पोत्यावर आदळली आणि थोआ उडून तिसऱ्यावर पडली. तोंडात गवत गेले, कोपर सोलवटले, पण ती शाबूत होती. दोन हात पुढे तो खड्डा होता, दीड पुरुष खोल, आणि त्याच्या तळाशी फुटलेले दगड दिसत होते.

वरून हास्याचा फवारा उडाला. "ताई, गाव आलं का?" खोई विचारत होता.

थोआ उठून बसली. रागाने आणि लाजेने तिचे डोळे भरून आले.

"तुम्हाला माहीत होतं," ती गुरुजींना म्हणाली.

"हो."

"मग मला थांबवलं का नाही?"

"आज तू ऐकलं असतंस?" गुरुजी तिच्या केसांतले गवत काढू लागले. "मुली, विजयाच्या दिवशी माणसाला ऐकू येत नाही. म्हणून मी पोती वाहिली."

तोवर सगळे खाली उतरले होते. गुरुजींनी त्यांना विचारले, "तुमच्यापैकी सायकल कोणाकोणाला चालवता येते? खरं सांगा."

हसणे हळूहळू थांबले. एक हात वर झाला. मग दुसरा, तिसरा. चौथा हात शोधावा लागला.

"खोई, तू?"

"माझी तीनचाकी आजोबा, ती आपली आपण उभी राहते," खोई ओशाळून म्हणाला.

गुरुजी सगळ्यांना घेऊन वर मुक्कामावर आले; थोआ सायकल ओढत मागून आली. तिथे पडलेल्या एका लाकडी खोक्यावर गुरुजींनी हात ठेवला. शत्रूच्या विमानाने हवाई छत्रीने सोडलेले ते खोके चुकून यांच्या बाजूला पडले होते आणि तुकडी त्यावर भात वाढून घेत असे.

"थोआ, यावर काय लिहिलं आहे?"

थोआ फ्रेंच शिकली होती. तिने बारकाईने पाहिले. "अक्षरं तीच आहेत, पण भाषा फ्रेंच नाही. ही इंग्रजी."

"म्हणजे फ्रेंचांना रसद पुरवणारा कोणी वेगळाच आहे. एक पाहुणा उठला नाही तोच दुसऱ्याने पथारी आणून ठेवली आहे. आणि तो येऊन काय म्हणेल, ठाऊक आहे? पहिला जे म्हणाला तेच. 'तुम्हाला चालवता येत नाही. आम्ही बसतो, तुम्ही ढकला.' तीन महिने आपण ढकललं. त्यात आपला हात जगात कोणी धरणार नाही. पण ढकलणं ही एक विद्या आहे, आणि बसून तोल सांभाळणं ही दुसरी. आपल्याला वाटलं, पहिली आली म्हणजे दुसरी आलीच. सीटवरून परका उठला की कोणीतरी आपला धावत जाऊन बसतो, घंटी वाजवतो आणि उतार लागला की वेगालाच प्रगती समजतो. तू पडलीस तेव्हा खाली गवत होतं. देश पडतो तेव्हा खाली कोणी गवत घालत नाही, पोरी. उलट खड्डा खणणारे काठावर उभे असतात."

 

"म्हणजे आम्ही बसायचंच नाही?" थोआने विचारले.

"असं कोण म्हणतं? सीट रिकामी ठेवली तर तो येणारा आनंदाने बसेल. बसायचं. पण आधी शिकायचं."

थोआने सायकल उचलली. पुढचे चाक वाकडे झाले होते. तिने ते दोन्ही पायांत धरून सरळ केले आणि हातावरची माती झटकली.

"मग गावाला चार दिवस उशिरा पोहोचू," ती म्हणाली. "इथे सपाटी बरी आहे. गुरुजी, शिकवा."

गुरुजींनी खाकरून घसा साफ केला. "मी कसा शिकवणार?" ते म्हणाले. "मलाही येत नाही."

यावर जो हशा पिकला तो पहिल्या हशापेक्षा मोठा होता, आणि त्यात थोआचाही आवाज होता. ज्या चौघांना येत होते त्यांना गुरुजींनी पुढे बसवले आणि वाकून नमस्कार केला. दुपारपर्यंत ओढ्याकाठची सारी सपाटी पडणाऱ्यांनी आणि उठणाऱ्यांनी भरून गेली. एक बसे, दुसरा मागून धरून धावे.

तिसऱ्या प्रहरी गुरुजींची पाळी आली. सत्तर वर्षांचे ते गुरू सीटवर चढले. मागून थोआ धरून होती.

"सोडू नकोस हं," ते पुटपुटले.

"नाही सोडणार. तुम्ही खाली बघू नका, गुरुजी. समोर बघा."

सायकल डुलत डुलत निघाली. थोआ धावत होती. कपाळावरून घाम ओघळत होता, सोलवटलेले कोपर झोंबत होते. बसण्याचा आनंद तिने सकाळी घेतला होता; पण दुसऱ्याला बसते करून त्याच्यामागे धावण्यात इतका आनंद असेल, हे तिला आजवर कोणी सांगितले नव्हते.

स्वातंत्र्य मिळवणारे हात आणि ते सांभाळणारे हात एकच असतात. शिकवणी मात्र दोनदा घ्यावी लागते.