पानमळ्यातला होकार

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि साऱ्या गावाला पाण्याचा एकच पाट होता. पाण्यापायी भाऊ भावाचा वैरी होतो, हे ओळखून गावाने एक रीत घालून दिली होती. दर तीन वर्षांनी सगळ्यांनी मिळून आपल्यातलाच एक कारभारी निवडायचा. पाटाची दारं उघडणं-मिटणं त्याच्या हाती. दाराशी एक म्हातारा बसे. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तो पाण्यावर सोडी. वाटी बुडाली की एकाची पाळी संपली आणि दुसऱ्याची सुरू झाली.

तेव्हाचा कारभारी तरणा, एकटा आणि सरळमार्गी होता. कडक उन्हाळ्यात त्याने स्वतःच्या शेताची पाळी सगळ्यांत शेवटी ठेवली होती. गाव त्याच्यावर खूश होतं आणि खरं सांगायचं तर तोही स्वतःवर जरा खूशच होता.

पाटाच्या टोकाला एक पानमळा होता. बाप गेल्यावर त्याची लेक तो एकटी सांभाळत होती. कामसू, हसरी, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. कारभाऱ्याचं मन तिथे घुटमळू लागलं. पाट काही रोज फुटत नव्हता, पण हा मात्र पाट बघायच्या निमित्ताने रोज तिकडे जाई!

एके दिवशी धीर करून त्याने विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?"

तिने हातातली पानं खाली ठेवली. घटकाभर वेलांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, कारभारी."

कारभाऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. ती नेहमीसारखी हसली नाही, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

गावात अशी बातमी लपते थोडीच? "आता काय, पानमळ्याची चंगळ!" लोक कुजबुजू लागले. ते कानावर येताच कारभारी चिडला. आपल्याला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून त्याने उपाय काढला. मळ्याची पाळी आली की वाटी बुडायच्या आधीच तो दार मिटून टाकी.

"अजून वाटी बुडाली नाही," म्हातारा म्हणे.

"असू दे. आपल्या माणसाला थोडं कमी मिळालं तर काही बिघडत नाही."

पण बिघडलं. महिन्याभरात टोकाकडचे वेल पिवळे पडले. लोकांची तोंडं काही बंद झाली नाहीत ती नाहीतच. शेजारचा शेतकरी केळ्यांचा घड घेऊन तिच्या दारात उभा राहिला, "अक्का, आमच्या पाण्याचं तेवढं त्यांच्या कानावर घाला." ती पाटावर पाणी भरायला गेली की बायका गप्प होत. पाणी कमी मिळायचं ते तिलाच आणि बोल लागायचा तोही तिलाच.

एका संध्याकाळी कारभाऱ्याने ते वेल पाहिले आणि तो चरकला. "अगं, इतकं वाळलं आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस?"

"कुणापाशी बोलू? पाण्याचं गाऱ्हाणं ऐकणारे तुम्हीच."

तो तसाच म्हाताऱ्याकडे आला. "बाबा, माझं चुकलं कुठे? मी काही जबरदस्ती केली नाही. ती आपण होऊन हो म्हणाली."

"आणि नाही म्हणाली असती तर?"

"तर काय? मी तिचं पाणी तोडलं असतं होय? मी तसला माणूस नाही!"

"हे तुला ठाऊक आहे रे," म्हातारा वाटी पुसत म्हणाला. "तिला कसं ठाऊक असणार?"

रात्रभर कारभाऱ्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताच तो मळ्यावर गेला. "त्या दिवशी हो म्हणताना तुझ्या मनात काय होतं? खरं सांग."

"वेल होते," ती हळूच म्हणाली. "दोन पाळ्या चुकल्या की मळा जातो, कारभारी."

त्याच दिवशी त्याने गाव गोळा केलं आणि कारभार खाली ठेवला. "एवढ्यातेवढ्यासाठी कुणी मान सोडतं का?" लोक म्हणाले. कुणी म्हणालं, "लग्न उरकून टाक, म्हणजे झालं." त्याने कुणाचंच ऐकलं नाही. गावाने दुसरा कारभारी निवडला आणि हा आपल्या शेतात चार लोकांसारखा पाळीची वाट बघू लागला.

पानमळा पुन्हा हिरवा झाला, तेव्हा तो कुंपणाबाहेर उभा राहिला. "आता माझ्या हाती काही नाही. मागचा होकार मी तुला परत दिला. आज नव्याने विचारतो."

या वेळी तिने वेलांकडे पाहिलं नाही. सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही भले आहात. पण माझ्या मनात ते नाही."

त्याला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? परतताना बांधावर दोनदा पाय अडखळला. पण तिने दिलेलं हे पहिलं खरं उत्तर आहे, हे त्याला कळत होतं, आणि म्हणून तो मागे वळला नाही.

दुसऱ्या दिवशी पानमळ्याची पाळी होती. म्हाताऱ्याने वाटी सोडली. ती पुरती बुडेपर्यंत मळ्यात पाणी वाहत राहिलं.

तात्पर्य: ज्याचं पाणी आपल्या हाती असतं, त्याच्याकडे प्रेम मागू नये; जिथे बिनधास्त नाही म्हणता येतं, तिथलाच होकार खरा.