शेवटचा वास

साहेब निवृत्त झाला, तरी त्याचा हुकूम निवृत्त होत नाही.

बोट पोर्तुगालच्या बंदरात थांबली, तशी आठ मराठी प्रवासी गाडीने वाइन चाखायला डोंगरावरच्या तळघरात गेले. तिथे माजी आयुक्त धारवाडकरसाहेबांनी ग्लासात नाक खुपसून एकेक वास जाहीर करायला सुरुवात केली. आधी चामडं, मग ओली माती! बोट सुटायची वेळ होत आली. गाइड घड्याळ दाखवून थकला. वाइनचा थेंबही न घेणाऱ्या कुमुदिनीबाईंचा जीव तर टांगणीला लागला.

"अजून एक वास उरलाय," साहेब गरजले. "तो ओळखल्याशिवाय कुणी उठायचं नाही!"

कुमुदिनीबाईंनी ग्लास उचलला.

"न पिता काय कळणार तुम्हाला?" साहेब हसले.

"नैवेद्याच्या आमटीचं मीठ आम्ही वासावरच ओळखतो, साहेब." बाईंनी डोळे मिटून हुंगलं. "धुराचा वास येतोय."

"शाब्बास! वाइनचं लाकडी पिंप आतून जाळून घेतात, त्याचाच धूर!"

"पिंपाचा नव्हे हो. आपल्याला टाकून निघालेल्या बोटीचा!"

बाकीचे उठेपर्यंत साहेब गाडीत पुढची सीट धरून बसलेही होते.